भिंतीवरचा डबा आणि सोसायटीची वायर



आजचा विषय वाचून काही जणांच्या मनात आलं असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं विजेच्या गाडीच्या चार्जरवर काय बोलायचं? ते इलेक्ट्रिशियनचं काम. अगदी बरोबर आहे. पण मरोळ-मरोशी रोडवर पाच मिनिटं उभे राहा आणि हिरव्या नंबरप्लेटा मोजा. गाडी घेणं लोकांना जमायला लागलंय. गाडं अडतं ते सोसायटीच्या सभेत. एक सभासद अर्ज देतो, की मला माझ्या पार्किंगमध्ये चार्जर बसवायचा आहे. कमिटी म्हणते, थांबा, बघू, नियम काय आहे. कुणी म्हणतं आग लागेल, कुणी म्हणतं लोड वाढेल, कुणी म्हणतं आज ह्याला दिलं तर उद्या सगळे मागतील. सहा महिने जातात. शेजारी-शेजारी बोलेनासे होतात. म्हणजे प्रश्न वायरचा असतो, पण भांडण न्यायाचं होतं. म्हणून मी इथे उभा आहे.

आधी वस्तू समजून घेऊ, मग न्यायाकडे वळू. वस्तू नीट कळली नाही तर न्यायाची चर्चा हवेत जाते.

ज्याला आपण घरचा चार्जर म्हणतो, तो भिंतीवरचा डबा खरं म्हणजे चार्जर नसतोच. बॅटरीला लागते डीसी वीज, आपल्या घरात येते एसी. एसीची डीसी करणारं यंत्र गाडीच्या पोटातच बसवलेलं असतं. खरा चार्जर तो. भिंतीवरचा डबा म्हणजे एक शहाणा स्विच आहे. तो आधी तपासतो, की अर्थिंग आहे का, प्लग नीट बसलाय का. मग एका बारीक तारेतून गाडीला सांगतो, की 'तू जास्तीत जास्त इतके अँपिअर घे.' गाडी ते मान्य करते आणि तेवढाच प्रवाह घेते. ही बारीक तार लक्षात ठेवा. पुढे आपला सगळा न्याय ह्या तारेवर उभा राहणार आहे. रस्त्यावरची, पेट्रोलपंपावरची फास्ट चार्जिंगची मोठी यंत्रं वेगळी. ती डीसी थेट बॅटरीत घालतात. घरी त्यांचं काम नाही.

आता घरी पर्याय दोन. पहिला म्हणजे गिझरला असतो तसला १५-१६ अँपिअरचा सॉकेट. त्यातून साधारण ३.३ किलोवॉट मिळतात. ३० युनिटची बॅटरी रिकामी असेल तर भरायला नऊ-दहा तास. दुसरा म्हणजे ३२ अँपिअरचा डबा, ७.२ किलोवॉटचा. वेळ निम्म्याहून कमी, अर्थात गाडीच्या पोटातला चार्जर तेवढं घेऊ शकत असेल तर. विक्रेता दुसऱ्याचा आग्रह धरतो. पण तुम्ही रोज चालवता किती? मरोळहून बीकेसीला जाऊन परत आलात तरी ३० किलोमीटरच्या आतच. छोटी गाडी शहरात एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. म्हणजे रोजची गरज, नासाडी धरून, पाच युनिट. साध्या सॉकेटवर दीड-दोन तास. बॅटरी रोज रिकामी होत नाही आणि रोज पूर्ण भरावीही लागत नाही. ही गोष्ट ज्याला कळली त्याचा अर्धा हट्ट गळून पडतो.

पण 'साधा सॉकेट' म्हणजे कुठलाही सॉकेट नव्हे हं. गिझर पंधरा मिनिटं चालतो. गाडी तासन्‌तास चालते, तेही तुम्ही झोपलेले असताना. सैल झालेला स्क्रू, जुना सॉकेट, मध्येच पिळून जोडलेली वायर, हे पंधरा मिनिटांत तापत नाही, चार तासांत वितळतं. आगीची भीती बाळगणाऱ्या सभासदाला आपण हसतो, पण त्याची भीती पूर्ण खोटी नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर ती विझवायला खरोखर कठीण असते, विझली असं वाटलं तरी पुन्हा पेटू शकते. मात्र सोसायटीच्या हातात बॅटरीची रचना नाही, वायरिंग आहे. म्हणून त्या भीतीला उत्तर द्यायचं ते चांगल्या वायरिंगनं.

चांगलं वायरिंग म्हणजे काय? चार गोष्टी. एक, मीटररूमपासून पार्किंगपर्यंत स्वतंत्र तांब्याची केबल, मध्ये जोड नाही, आणि तिला स्वतःचा एमसीबी. दोन, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे माणसाला शॉक बसण्याची वेळ आली की क्षणात वीज तोडणारा. इथे एक बारकावा आहे. गाडीतून कधीकधी डीसी गळती होते आणि त्यामुळे जुन्या पद्धतीचा आरसीसीबी आंधळा होतो. म्हणून एक तर टाइप बी घ्यायचा, नाहीतर डब्यात डीसी गळती ओळखण्याची सोय आहे ना हे विचारून टाइप ए. तीन, अर्थिंग. तीस-चाळीस वर्षांच्या इमारतीत अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे वॉचमनलाही ठाऊक नसतं. ते मोजून घ्या. चार, उंची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी आपल्या बाजूनंच वाहते. त्या दिवशी तुमच्या कंपाउंडमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते जुन्या माणसांना विचारा, आणि डबा त्याच्या वर बसवा.

केबलच्या जाडीवर पैसे वाचवू नका. हिशेब सोपा आहे. मीटररूमपासून तुमची गाडी ६० मीटरवर आहे असं धरा. वीज जाते आणि परत येते, म्हणजे १२० मीटर तांबं. सहा चौरस मिलिमीटरच्या केबलमधून ३२ अँपिअर नेले, तर साधारण ११ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, आणि साडेतीनशे वॉट नुसते केबल कोमट करण्यात जातात. दहा चौरस मिलिमीटर घेतली तर हे नुकसान जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होतं. काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्या आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट लेखी घ्या. सभेत तोच कागद उपयोगी पडतो.

आता कायदा. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं १३ एप्रिल २०१८ला स्पष्ट केलं, की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, ती वीजविक्री नाही, त्यामुळे त्यासाठी परवाना लागत नाही. १४ जानेवारी २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं, की गाडीमालक घरी किंवा ऑफिसात असलेल्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करू शकतो. आणि फेब्रुवारी २०२४मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती झाली. त्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. त्याच दुरुस्तीत महानगरांमध्ये नवीन जोडणीची मुदत सात दिवसांवरून तीन दिवसांवर आणली.

वेगळी जोडणी कशाला, असं कुणी विचारेल. कारण आपलं घरगुती बिल पायऱ्यापायऱ्यांचं आहे. शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, पुढे चौथा. घरात महिन्याला २५० युनिट जळत असतील आणि गाडीचे १५० आले, तर त्यातले शंभर युनिट वरच्या पायरीवर चढतात. घराच्याच मीटरवर गाडी लावली तर दरही घराचाच लागतो. वाहन चार्जिंगसाठी वीज नियामक आयोगानं वेगळा वर्ग ठेवला आहे. तेव्हा आपली सहा महिन्यांची बिलं पुढ्यात घेऊन बसा आणि दोन्ही हिशेब करा. आपल्याकडे उपनगरात अदानी आणि टाटा असे दोन पुरवठादार आहेत, मुलुंड-भांडुपला महावितरण. ज्याचा मीटर त्याच्याकडे अर्ज. आणि मंजूर भार किती आहे ते बिलावर लिहिलेलं असतं, तेही पाहा.

म्हणजे कायदा तुमच्या बाजूनं आहे. मग अडतं कशावर? तर वीज तुमच्या हक्काची आहे, पण ती ज्या भिंतीवरून यायची ती भिंत तुमची नाही. मीटररूम सर्वांची. जिन्याखालची डक्ट सर्वांची. आणि पार्किंग? इथे आपल्या उपनगरातलाच एक खटला आठवतो. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. बिल्डरचं म्हणणं, स्टिल्टखालची पार्किंगची जागा माझी, मी ती फ्लॅटपासून वेगळी विकीन. ३१ ऑगस्ट २०१०ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मोफा कायद्याखाली स्टिल्ट पार्किंग म्हणजे 'गॅरेज' नव्हे, तो इमारतीचा सामाईक भाग आहे, बिल्डरला तो असा विकता येणार नाही. तेव्हा सगळ्या सोसायट्यांना आनंद झाला. पण त्या आनंदाची दुसरी बाजू आज दिसते. जागा सामाईक असेल, तर 'माझं पार्किंग, माझा चार्जर' हे वाक्यही तितकं सरळ राहत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. इमारतीला येणारी मुख्य केबल अमुक इतकाच भार वाहू शकते. समजा त्यात गाड्यांसाठी २० किलोवॉट शिल्लक आहेत. पहिल्या सभासदानं ७.२ किलोवॉटचा डबा लावला. दुसऱ्यानं लावला. झाले १४.४. तिसरा आला, त्याला कमिटी म्हणते, आता लोड नाही. ह्यात पहिल्या दोघांनी काही चोरलं का? नाही. रीतसर अर्ज केला, पैसे भरले. तरी तिसऱ्याला वाटतं आपल्यावर अन्याय झाला. तो चिडखोर आहे म्हणून वाटतं का?

सतराव्या शतकात जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं हाच प्रश्न विचारला होता, की जे सर्वांचं आहे त्यातलं काही 'माझं' कधी होतं? श्रम करून घेतलं की होतं, असं तो म्हणाला. पण त्यानं एक अट घातली. तुम्ही घेतल्यानंतर इतरांना उरलेलं अपुरं किंवा कमी प्रतीचं असता कामा नये. नदीतून ओंजळभर पाणी प्यायलात तर कुणाचं काही जात नाही. पण आपली केबल नदी नाही, हंडा आहे. तिथे 'आधी आला त्याला मिळालं' हा नियम लॉकच्या अटीत बसत नाही. तिसऱ्या सभासदाची तक्रार खरी आहे.

मग कमिटी दुसऱ्या टोकाला जाते. सगळ्यांना देता येत नाही, म्हणून कुणालाच नको. ऐकायला हे समतेचं वाटतं, पण ह्यात शिल्लक असलेले २० किलोवॉट वाया जातात आणि कुणाचंच भलं होत नाही.

तिसरा मार्ग आपल्याच मातीत आहे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम ह्या नद्यांवर शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. शेतकऱ्याची जमीन एका जागी नसायची, वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असायची. कुठल्या फडात कोणतं पीक हे मिळून ठरायचं. पाणी कोण सोडणार? ज्याचं शेत तो नाही. पाटकरी सोडणार, आणि पाळीनं. पाणी कमी आलं की काही फड कोरडे ठेवायचे, आणि प्रत्येकाची जमीन सगळीकडे असल्यामुळे तोटाही सगळ्यांत वाटला जायचा. सामाईक साधनाची माणसं नासाडीच करतात असं गॅरेट हार्डिननं १९६८च्या एका गाजलेल्या लेखात मांडलं होतं. त्याला पुराव्यानिशी उत्तर एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या बाईंनी दिलं. जगभरच्या पाटबंधाऱ्यांचा, कुरणांचा, मासेमारीचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं, की लोक आपले नियम आपण करून साधन टिकवू शकतात. त्यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या पाटकऱ्याला त्यांचा सिद्धान्त समजावून सांगायची गरज पडली नसती.

आता ती बारीक तार आठवा. डबा गाडीला सांगतो, इतकेच अँपिअर घे. डबे एकमेकांशी जोडले, तर तीच सूचना दर मिनिटाला बदलता येते. ह्याला लोड मॅनेजमेंट म्हणतात. म्हणजे इलेक्ट्रॉनिक पाटकरी. वीस गाड्या धरा. प्रत्येकीला ७.२ किलोवॉटचा स्वतंत्र हक्क दिला तर १४४ किलोवॉट लागतील, ते आपल्याकडे नाहीत. पण वीस गाड्यांची रोजची खरी गरज वीस गुणिले पाच, म्हणजे १०० युनिट. रात्री अकरा ते सकाळी सहा, सात तास, २० किलोवॉट. सात गुणिले वीस, १४० युनिट. सगळ्यांना पुरून चाळीस उरले! हक्क 'अँपिअर'मध्ये मागितला तर तुटवडा आहे, 'सकाळपर्यंत किलोमीटर' असा मागितला तर मुबलक आहे. वाटणीला खालची मर्यादा मात्र आहे. सहा अँपिअरच्या खाली गाडी प्रवाह घेत नाही. त्यामुळे वीसही गाड्या एकदम लागल्या तर काहींना पहाटेची पाळी येईल. येऊ दे. गाडीला झोप लागत नाही.

खर्च कसा वाटायचा? ह्याचं उत्तर आपल्या आदर्श उपविधींमध्ये आधीच आहे. लिफ्टचा खर्च सगळ्यांवर सारखा, वापरा किंवा वापरू नका. पाण्याचा नळांवर. पार्किंगचा ज्याला जागा दिली त्याच्यावर. तीन वेगळी तत्त्वं, आणि आपण ती रोज न भांडता पाळतो. तेच इथे लावा. मीटररूमपासून पार्किंगपर्यंतची मुख्य केबल, पॅनेल, अर्थिंग ही लिफ्टसारखी, कारण ती इमारतीची मालमत्ता होते. डबा ज्याचा त्यानं घ्यायचा. युनिट मोजून, ज्याचे त्यानं भरायचे.

इथे तळमजल्यावरच्या आजी विचारणार, 'माझ्याकडे सायकलसुद्धा नाही, मी केबलचे पैसे का देऊ?' त्यांना गप्प करू नका. जॉन रॉल्सनं १९७१च्या आपल्या ग्रंथात एक युक्ती सांगितली आहे. नियम ठरवताना क्षणभर असं समजा, की आपण कोण आहोत हे आपल्याला माहीत नाही. गाडीवाले की बिनगाडीचे, मालक की भाडेकरू, पहिला अर्ज करणारे की विसावा. त्या पडद्याआड बसून जो नियम मान्य होईल तो न्याय्य. मला वाटतं, तसं बसलं तर आजींवर आज बोजा टाकावा असं कुणी म्हणणार नाही. पहिले चार-पाच गाडीवाले मुख्य केबलचे पैसे आगाऊ भरतील, आणि नंतर येणारा प्रत्येक जण आपला वाटा भरून त्यांची रक्कम कमी करेल. आजींच्या घरी उद्या नातू गाडी घेऊन आला, तर तेव्हा त्याचा वाटा. हे ठरावात लिहून ठेवा, म्हणजे कमिटी बदलली तरी शब्द बदलत नाही.

तेव्हा ज्यांना अर्ज करायचा आहे त्यांना माझी एकच विनंती. 'मला चार्जर बसवायची परवानगी द्या' असा अर्ज करू नका. 'आपल्या इमारतीत सर्वांना पुरेल अशी चार्जिंगची लाइन कशी टाकायची ते ठरवू या, पहिला खर्च मी उचलतो' असा करा. सोबत मंजूर भार, ठेकेदाराचा आराखडा आणि खर्च वाटणीच्या ठरावाचा मसुदा जोडा. नाही म्हणायला कमिटीलाही मग कारण शोधावं लागेल.

वेळ आहे, एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, आम्ही गावठाणात राहतो. पार्किंगच नाही. आमचं काय?

फार महत्त्वाचा प्रश्न आहे. घरी चार्जर म्हणताना आपण गृहीत धरतो, की घराबरोबर गाडीची जागा आहे. मरोळमध्ये निम्मी कामं ज्यांच्या दुचाकीवर चालतात, त्या डिलिव्हरीच्या पोरांकडे ती नाही. ते बॅटरी काढून खोलीत नेतात. तसं करायचंच असेल तर कंपनीचाच चार्जर वापरा, गादीवर किंवा पलंगाखाली ठेवू नका, आणि बाहेर पडायच्या दाराशी तर मुळीच नको, कारण काही झालं तर पळायची वाट तीच असते. बॅटरी बदलून देणारी केंद्रं हा दुसरा मार्ग. पण खरं उत्तर सार्वजनिक जागेत आहे. आणि ज्या सोसायट्यांच्या गेटाशी ही मुलं रात्री पार्सल घेऊन उभी राहतात, त्यांनी गेटाजवळ एक मीटर लावलेला पॉइंट पैसे घेऊन उघडा ठेवायला हरकत नसावी.

प्रश्न : मी भाडेकरू आहे. मालक म्हणतात, तुम्ही अकरा महिन्यांनी जाणार.

लाइन सामाईक असेल तर तुम्ही फक्त डबा आणायचा. जाताना चार स्क्रू काढून तो घेऊन जायचा. केबल राहील, पुढच्या माणसासाठी.